रोजचा चकवा

महाडात आल्यावर काही महिन्यांतच लॉइसबाई नवऱ्याला घटकाभरही नजरेआड होऊ देईनाशी झाली, आणि आळीतल्या बायकांना त्याचं भारी नवल वाटे. तो केळी घ्यायला निघाला की ही पाठोपाठ. तो पोस्टात शिरला की ही पायरीवर उभी. अडुसष्ट वर्षांची बाई, पायांत कॅनव्हासचे बूट, डोक्यावर कापडी टोपी, आणि सदानकदा त्या उंच म्हाताऱ्याच्या दोन पावलं मागे. "आमचे हे अकरा वर्षं कतारला होते," घरमालकीण महरुन्निसा म्हणायची, "मी एकदा तरी गेले का बघायला, कुठं जातात नि काय करतात?" कुणी म्हणे प्रेम आहे, कुणी म्हणे संशय आहे. दोन्ही पक्ष आपापल्या मतावर ठाम होते.

कुणी विचारलंच तर लॉइसकडे उत्तर तयार होतं. त्यांच्या चर्चनं परदेशी धाडलेल्या म्हाताऱ्या जोडप्यांना तसा नियमच होता, छापील पुस्तिकेत लिहिलेला: जोडीदाराला एकटं सोडू नये. नियम खरा होता, पण त्यांच्यासारखीच दुसरी जोडपी तो जमेल तेवढा पाळत, आणि लॉइस देवाच्या आज्ञेपेक्षा कडक पाळायची. कारण वेगळं होतं. हॅरल्ड विसरायला लागला होता.

पहिल्यांदा तिला शंका आली ती फेब्रुवारीत. हॅरल्डनं अमेरिकेतल्या एका लहानशा गावात चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं होतं. गावातल्या प्रत्येक नाकाचं माप त्याला पाठ होतं. म्हातारपणी कुठंतरी लांब जाऊन गरिबांना चष्मे द्यायचे, हे त्याचं तरुणपणापासूनचं स्वप्न, असं लॉइस धरून चालली होती. म्हणून तर दुकान विकून, दोन मुलींचा विरोध पत्करून ती दोघं दीड वर्षाच्या कामावर इथं आली. आणि इथं आल्यावर पाचव्या महिन्यात एका म्हातारीला त्यानं भलत्याच नंबरचा चष्मा दिला. म्हातारी बिचारी पायरी चुकून पडता पडता वाचली. तेव्हापासून चष्म्यांची पेटी लॉइसच्या हातात असे, आणि तो बोलेल तो नंबर ऐकून ती योग्य तोच चष्मा काढून देई.

धर्माचं नाव काढायचं नाही, अशी त्यांना सक्त ताकीद होती. व्हिसाच तसा होता. त्यामुळं लोकांचा गोंधळ उडायचा. म्हणे मिशनरी, आणि येशूचं नाव तोंडातून निघत नाही. अमेरिकेची माणसं, आणि चर्चची मनाई म्हणून चहा-कॉफीला शिवत नाहीत. चहा नको म्हटलं की घरातली बाई हिरमुसते, हे लॉइसला दुसऱ्या दिवशीच कळलं. मग चहाऐवजी गरम दूध यायला लागलं, साखर घालून, आणि ते मात्र नको म्हणायची सोय उरली नाही. एखाद्या वासरानं प्यायलं नसेल इतकं दूध त्या दोघांनी वर्षभरात प्यायलं. वर बायकांचे प्रश्न: मुलगे किती? मुलगा नाही? मग म्हातारपणी तुम्हाला इकडे धाडलं कुणी? ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लॉइसला कधीच नीट देता आलं नाही.

तिचा स्वतःचाही गोंधळ काही कमी नव्हता. लोक मान हलवत ती हो की नाही, हे तिला वर्षानंतरही कळत नसे. "येतो" म्हणून माणूस जातो कसा, हेही नाही. नळाला पाणी कधी येतं, वीज कधी जाते, बसस्टँडवरचे लोक पाटी न वाचता एसटीत कसे चढतात, सगळंच अगम्य. आणि खरं सांगायचं तर ह्या अगम्यपणाचाच तिला आधार होता. परक्या मुलुखात चुकतं कोण नाही? हॅरल्डनं भाजीवाल्याला दोनदा पैसे दिले, भलत्याच दारावर टकटक केली, महरुन्निसाच्या मुलाचं, शहबाजचं नाव तासात तीनदा विचारलं, की लोक हसून म्हणत, परदेशी आहे बिचारा. मायदेशी हीच गोष्ट आठवड्यात उघडी पडली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ झाकायला महाडसारखी जागा नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

दर महिन्याला बंगलोरच्या ऑफिसात एक कागद धाडावा लागे. किती चष्मे वाटले, किती गावं झाली, आणि शेवटी एक रकाना: तब्येत. तिथं खरं लिहिलं की दोघांची परतीची तिकिटं निघणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. स्वप्न अर्ध्यावर मोडून, चार लोकांसमोर दुबळा ठरून हॅरल्ड घरी जाईल, ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती. पाच महिने राहिले होते. ती दर महिन्याला लिहायची, दोघंही ठणठणीत.

सोमवार सुट्टीचा. त्या दिवशी मुख्तार त्यांना फिरवायला न्यायचा. मुख्तार म्हणजे महरुन्निसाचा नवरा, त्यांचा घरमालक आणि ड्रायव्हरही. कतारला गोऱ्या साहेबांच्या गाड्या चालवून त्याचं इंग्रजी चांगलं झालं होतं, आणि परतल्यावर त्यानं स्वतःची ट्रॅक्स गाडी घेतली होती. त्यानं त्यांना रोपवेच्या पाळण्यातून रायगडावर नेलं, गांधारपाल्याची लेणी दाखवली, सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यात पाय बुडवायला लावले. लॉइस प्रत्येक ठिकाणी हॅरल्डचा फोटो काढायची आणि मागे तारीख नि जागेचं नाव लिहायची. मुलींना पाठवायला, असं सांगायची. रात्री मात्र ते फोटो ती हॅरल्डपुढं मांडे आणि सहज विचारल्यासारखं करी, हे कुठलं रे? कधी तो सांगे, कधी हसून म्हणे, छान होतं. त्या छान होतंमधून तिला काहीच कळत नसे.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी ते डोंगरावरच्या कुडपण गावाला निघाले. तिथल्या हरिबाला पोलादपूरच्या शिबिरात चष्मा मिळाला होता. अक्षरांचा तक्ता त्याच्या काय कामाचा? हॅरल्डनं अशा लोकांसाठी सुईदोऱ्याची युक्ती काढली होती. एकेक भिंग लावून बघायचं, ज्या भिंगातून दोरा ओवता येईल तो आपला चष्मा. हरिबानं दोरा ओवला आणि लगोलग जेवणाचं आमंत्रण देऊन मोकळा झाला. आता शेळीच्या खुरातला काटा त्याचा त्यालाच दिसत होता.

आंबेनळी घाटात मुख्तारनं गाडी थांबवली. खाली दरी, पलीकडे डोंगर. हॅरल्डनं विचारलं, तो डोंगर कुठला. मुख्तारनं सांगितलं, प्रतापगड. पाच मिनिटांनी हॅरल्डनं पुन्हा विचारलं. मुख्तारनं पहिल्यांदाच सांगतोय अशा सुरात पुन्हा सांगितलं. मुख्तारचं लक्ष नव्हतं वाटतं, असं समजून लॉइसनं सुटकेचा श्वास टाकला.

कुडपणच्या माळावर गवत कमरेएवढं होतं आणि नाचणी कापणीला आली होती. हरिबानं अंगणात घोंगडी अंथरली. त्याच्या बायकोनं, जनीनं, नाचणीच्या भाकऱ्या, कुळथाचं पिठलं, भात आणि ताक वाढलं. हॅरल्ड पोटभर जेवला, हरिबाच्या चष्म्याची काडी त्यानं खिशातल्या बारक्या पेचकसानं घट्ट करून दिली, आणि ती करताना त्याचे हात इतके सराईत चालले की लॉइसला वाटलं, आपणच वेड्या आहोत, ह्याला काही झालेलं नाही.

जेवण झाल्यावर जनीनं तिचा हात धरला आणि तिला आत नेलं. चुलीजवळच्या कोनाड्यातून सुई काढली, दोरा काढला आणि तिच्यापुढं धरला. तिलाही चष्मा हवा होता. पुरुषांसमोर मागायला संकोच वाटला होता. लॉइसनं पेटी उघडली. पहिलं भिंग, दुसरं, तिसरं. जनी जीभ दातांत धरून दोऱ्याचं टोक नेढ्याला लावत होती. चौथ्या भिंगाला दोरा गेला. जनी इतकी हसली की लॉइसही हसली, आणि दोघी जणी काही न बोलता उगाच हसत बसल्या. दहा मिनिटं झाली असतील. इतक्या महिन्यांत लॉइस पहिल्यांदाच त्याला विसरली होती.

बाहेर आली तर घोंगडी रिकामी होती.

"साहेब मागल्या बाजूला गेलं असतील," हरिबा म्हणाला. "मला वाटलं, जायचं असंल परसाकडं."

मागल्या बाजूला गोठा होता, गवत होतं, आणि दरीतून वर चढणारं धुकं होतं. लॉइसनं हाक मारली. मग मुख्तारनं मारली. मुख्तार हातातली किल्ली तशीच धरून चपला न घालता धावत सुटला. माळाच्या पलीकडे कडा आहे, हे तिला त्याच्या धावण्यावरून कळलं. ती कुठल्या बाजूनं ओरडत चालली होती, हे तिला नंतर आठवेना. गवत सगळीकडे सारखंच होतं, धुकंही सारखंच. घरही दिसेनासं झालं. क्षणभर तिला वाटलं, आता मी हरवले, आणि लगेच वाटलं, त्याला रोज असंच वाटत असणार.

तासा-दीड तासानं हरिबाची आरोळी आली. गावापासून फार लांब नव्हे, कड्याच्या अलीकडे एका उंबराभोवती हॅरल्ड चालत होता. गोल गोल. गवत तुडवून त्यानं झाडाभोवती पायवाटच पाडली होती. चेहरा घामेजलेला, बुटांना चिखल, आणि चालणं मात्र कामाला निघालेल्या माणसाचं. हरिबानं त्याला थांबवलं, खांद्याला धरलं आणि म्हशीला वळवावं तसं हळूच वळवलं.

हरिबाच्या अंगणात पाच-सात माणसं गोळा झाली. ती तुडवलेली वाट बघून आलेल्यांना दुसरा पुरावा नको होता.

"चकवा लागला," हरिबा म्हणाला. "त्या उंबराचा चकवा लय जुना हाय. माज्या बापाला लागला हुता, रोजच्या वाटंवर. सकाळपर्यंत फिरत हुता."

मुख्तारला ओशाळल्यासारखं झालं. "गावातलं बोलणं आहे, मॅडम," तो इंग्रजीत म्हणाला. "ह्यांचं म्हणणं, एक भूत असतं, ते माणसाला वाट विसरायला लावतं. माहितीतल्या जागीसुद्धा. माणूस फिरून फिरून तिथंच येतो. शहाण्यासुरत्या माणसालाही लागतं. त्यात त्याची चूक नसते."

लॉइसनं डोळे पुसले. असल्या भुताखेतांवर विश्वास ठेवायला तिचा धर्म परवानगी देत नव्हता, पण त्या क्षणी ते भूत तिला एखाद्या नातेवाइकासारखं जवळचं वाटलं. शहाण्यासुरत्या माणसालाही लागतं. त्याची चूक नसते. ती हॅरल्डचा हात चोळत घाईघाईनं म्हणाली, "बघ, सगळ्यांनाच होतं इथं. धुकं होतं ना. मीसुद्धा वाट चुकले."

उतारा काय, ते मुख्तारनं विचारून सांगितलं. अंगातला सदरा उलटा करून घालायचा, मीठ चाटायचं आणि घराच्या उंबऱ्याकडे तोंड करून थोडा वेळ बसायचं. हॅरल्डनं निमूटपणे सदरा काढला, शिवण बाहेर करून पुन्हा घातला, सगळी बटणं लावली. जनीनं तळहातावर मीठ दिलं, तेही त्यानं चाटलं. मग तो मुख्तारकडे वळला.

"ह्यांना विचार," तो म्हणाला, "रोज लागला तर काय करायचं?"

मुख्तारनं लॉइसकडे बघितलं.

"विचार ना," हॅरल्ड म्हणाला. "मला रोज लागतो. घरात लागतो. दुकान विकलं त्याच्या आधीपासून लागतोय. सदरा रोज उलटा घातला तर चालेल का, एवढं विचार."

मुख्तारनं विचारलं. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की हरिबाला दोनदा ऐकावं लागलं. हरिबानं नवा चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा घातला.

"रोज लागला," तो म्हणाला, "तर मग तो चकवा नाय."

एवढं मराठी लॉइसला येत होतं. इतके महिने जो शब्द तिनं स्वतःलाही ऐकू दिला नव्हता, तो त्या नायमध्ये होता. आणि हॅरल्डला तो तिच्याआधीपासून ठाऊक होता. ती त्याच्यापासून लपवत होती आणि तो तिच्यापासून, एकाच खोलीत, एकाच ताटातलं जेवून. तिला त्याचा राग आला, स्वतःचा आला, आणि कुणाचा जास्त हे ठरवता न आल्यानं ती अंगणातच मटकन खाली बसली.

जनी तिच्याशेजारी येऊन बसली. "काय गो," ती म्हणाली, आणि मुख्तारला म्हणाली, "हिला सांग. आमच्यात वाट चुकणाऱ्या गुराच्या गळ्यात घंटा बांधतात. मग ते कुटं का जाईना, सगळ्या गावाला ऐकू येतं. ज्याला दिसंल तो हाकून घरी आणतो. हिनं हा म्हातारा गुपचूप हिंडवलान. एकटीच्या डोळ्यांनी गुरं राखता येतात काय?"

मुख्तारनं सगळं सांगितलं, गुराचं सांगताना थोडा अडखळला. हॅरल्ड मात्र हसला.

उतरताना लॉइस मागच्या सीटवर त्याच्याशेजारी बसली. "मला का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं.

"तुला इथं यायचं होतं ना," तो म्हणाला. "तुझं केवढं स्वप्न होतं."

स्वप्न त्याचं होतं. निदान तिला तसं वाटत होतं. की चाळीस वर्षांपूर्वी कधीतरी तीच बोलली होती आणि विसरली होती? दोघांपैकी विसरतंय कोण, हे तिला पोलादपूर येईपर्यंत उमगलं नाही. इथं आपल्याला आवडतं की नाही, हेसुद्धा तिनं वर्षभरात ठरवलं नव्हतं.

महाडात गाडी दारात थांबली तेव्हा महरुन्निसा पायरीवर लसूण सोलत होती. चिखलाचे बूट, उलटा सदरा, सगळ्यांचे उतरलेले चेहरे बघून ती उठली. लॉइस तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. मुख्तारला तिनं हातानं थांबवलं. वर्षभरात गोळा केलेले मराठी शब्द मनाशी जुळवले आणि ती म्हणाली, "साहेब वाट विसरतो. घर विसरतो. रोज. आजार आहे."

महरुन्निसानं तिचे दोन्ही हात धरले. "ते आम्हाला कधीचं ठाऊक आहे, बाई," ती म्हणाली, आणि तेच तिनं एकेक शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं.

मग मुख्तारनं मान खाली घालून बाकीचं सांगितलं. लॉइस सकाळी न्हाणीत गेली की साहेब जिना उतरून खाली येतो आणि ट्रॅक्समध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसतो. दुकान उघडायची वेळ झाली म्हणतो. महरुन्निसा त्याला पेलाभर दूध देते, शहबाज हात धरून वर पोचवतो. मार्चपासून. भाजीवाला दोनदा घेतलेले पैसे संध्याकाळी महरुन्निसाकडे आणून देतो. समोरच्या आनंदीबाईंनी तर दाराला आतून कडी घालणंच सोडलंय, साहेबांनी चुकून ढकललं तर उघडावं म्हणून. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि इथं तर सगळ्या आळीत लख्ख उजाडलं होतं.

"मग मला कुणी बोललं का नाही?" लॉइसनं विचारलं.

"आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत नाही," मुख्तार म्हणाला. "तुमचं मन मोडेल. आमचं ठरलं होतं, तुमच्या कानावर जाऊ द्यायचं नाही."

लॉइस पायरीवर बसून रडली, चांगली मोठ्यानं, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी. कुणी गप्प राहा म्हणालं नाही. महरुन्निसानं लसणानं भरलेलं सुपडं बाजूला सारून तिला जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून बंगलोरला फोन लावला. पलीकडचा गृहस्थ फार चांगलं बोलला, दोनदा सॉरी म्हणाला आणि तीन आठवड्यांनंतरची तिकिटं काढली. आणखी पाच महिने लपवून जे टाळायचं होतं ते चार मिनिटांत होऊन गेलं. हॅरल्डला तिनं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ठीक आहे, आणि तासाभरानं पुन्हा सांगितलं तेव्हाही ठीक आहे म्हणाला.

त्या तीन आठवड्यांत लॉइसनं पुस्तिकेतला नियम मोडला. हॅरल्ड निघाला की ती गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. तो बाजारात जाई, बसस्टँडवर जाई, एसटीच्या पाट्या बघत उभा राही, लोकांच्या चष्म्यांचे स्क्रू पिळून देई. पहिल्या दिवशी तिचा जीव टांगणीला लागला आणि हातातलं विणकाम तीनदा उसवावं लागलं. अर्ध्या तासानं एक अनोळखी कंडक्टर त्याला हाताला धरून घेऊन आला आणि दारातूनच विचारलं, "हे तुमचेच ना?"

"हो," लॉइस वरून म्हणाली. "आमचेच."

एकवीस दिवसांत त्याला तेवीस वेळा घरी आणून सोडलं. शेवटच्या दिवशी त्याला घेऊन येणाऱ्याचं नावसुद्धा लॉइसनं विचारलं नाही, नुसता दुधाचा पेला पुढं केला.